अजानीआधीचं पाणी

आमच्या जिन्याला खळीचा वास होता. मैदा शिजवून केलेली खळ, तिला कीड लागू नये म्हणून टाकलेला मोरचूद, आणि त्यात मिसळलेला पुठ्ठ्याचा, नव्या कापडाचा वास. बाबांची बँकेतली बदली कलकत्त्याला झाली आणि पार्क सर्कसच्या मागच्या एका गल्लीत आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो, त्या दिवशी आईने जिन्यातच नाकाला पदर लावला आणि बाबांकडे असं पाहिलं, की सामान उतरवायच्या निमित्ताने बाबा पुन्हा खाली निघून गेले. पुढच्या उन्हाळ्यात साताऱ्याहून सुट्टी संपवून आम्ही परतलो. हावड्याहून टॅक्सी केली, गल्लीच्या तोंडाशी उतरलो, आणि तोच वास आल्याबरोबर आई म्हणाली, "हुश्श, आलो बाई घरी." तोवर तिची खालच्या घरमालकीण चाचींशी मैत्री झाली होती.

कलकत्त्यात पुस्तकं बांधणाऱ्याला दफ्तरी म्हणतात. आमचे घरमालक नूर चाचा दफ्तरी होते. खालच्या मजल्यावर पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत ते आणि चाची. एकुलती एक मुलगी, शबनम आपा, लग्न होऊन बराकपूरला गेली होती. ती रविवारी सियालदा लोकलने यायची आणि चपला काढायच्या आत चाचींच्या औषधांचा डबा तपासायची. चाचांचे हात विलक्षण चपळ होते, पण बोलणं संथ. कुठलाही साधा प्रश्न विचारला की ते आधी चष्मा काढायचे, कुर्त्याच्या टोकाने पुसायचे, पुन्हा घालायचे आणि म्हणायचे, "देखो बेटा, इसमें दो बातें हैं." त्या दोन गोष्टी कधीच दोनवर थांबत नसत. माझं फिजिक्सचं पुस्तक सुटं झालं म्हणून मी एकदा त्यांना विचारलं, की हे आज बांधून मिळेल का, तर पाऊण तास मी त्यांच्याकडून सुती दोरा आणि रेशमी दोरा यांतला फरक ऐकत उभा होतो. चाची आतून ओरडायच्या, "अरे, बच्चे को हाँ या ना बोल दीजिए, उसका इम्तिहान निकल जाएगा!" मला या सवयीची फार गंमत वाटायची. वर जाऊन मी आईला त्यांची नक्कल करून दाखवायचो.

आई आणि चाची यांची मैत्री उपासांवरून जमली होती. आषाढी एकादशीला आईने साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी असं सगळं खाली पाठवलं, तेव्हा चाची डबा घेऊन स्वतः वर आल्या. म्हणाल्या, "भाभी, ये कैसा रोजा है आपका? हम तो रमजान में सूख जाते हैं और आप लोग सुबह से खा रहे हैं!" आई खूप हसली. मग तिने आपल्या मोडक्या हिंदीत हरतालिकेबद्दल सांगितलं. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नाही. चाचींनी डबा खाली ठेवला. आईच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "फिर तो आप जानती हैं." त्या दिवसापासून दोघींमध्ये काहीतरी ठरल्यासारखं झालं, ज्यात आम्हा पुरुषांना प्रवेश नव्हता.

चाचींना साखरेचा आजार होता आणि डॉक्टरांनी त्यांचे रोजे बंद केले होते. याचं दुःख त्या कुणाजवळ बोलत नसत, पण रमजानमध्ये दुपारी मी कशाला तरी खाली गेलो तर दिसायचं. घरात कुणी नसलं तरी त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दाराकडे पाठ करून जेवायच्या, घाईघाईने, चोरून खाल्ल्यासारख्या. चाचा रोजा धरून पुढच्या खोलीत पुस्तकं शिवत असायचे. ते मुद्दाम जरा मोठ्याने विचारायचे, "खा लिया?" आणि आतून उत्तर यायचं, "खा लिया, खा लिया, ढिंढोरा मत पीटिए."

आमच्या घराचा एक नियम होता. तो बाबांनी पहिल्याच आठवड्यात घालून दिला होता. "त्यांच्या धर्मातलं आपल्याला कळत नाही. आपण इथे बाहेरची माणसं. चांगलं वागायचं, मान राखायचा, पण मध्ये पडायचं नाही." बकरीदला आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, पण नाक मुरडायचो नाही. रमजानमध्ये आई सांजेची फोडणी अजान होईपर्यंत थांबवायची, खाली वास जाऊ नये म्हणून. आम्हाला आमच्या या वागण्याचा अभिमान होता. मला तर फारच. इतकी वर्षं त्या अभिमानाकडे पाहतो आहे आणि त्यात नेमकं वाईट काय होतं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. तरीही जे घडलं ते त्याच्यामुळेच घडलं.

त्या वर्षी रमजान हिवाळ्यात आला होता. कलकत्त्याचा हिवाळ्यातला सूर्य चहाच्या वेळेलाच बुडतो. आम्हाला पहिल्या वर्षी घड्याळच बिघडल्यासारखं वाटलं होतं. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत कुणीतरी एकाने मशिदीत बसायचं असतं, घरदार सोडून, ईदचा चंद्र दिसेपर्यंत. याला एतिकाफ म्हणतात. तिथेच झोपायचं, तिथेच इबादत करायची, गरजेशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही. एक जण बसला तरी अख्ख्या मोहल्ल्याच्या वतीने ते होतं, आणि कुणीच बसलं नाही तर त्याचा भार सगळ्यांवर राहतो. आमच्या गल्लीतल्या छोट्या मशिदीत दरवर्षी ट्रामवर नोकरी केलेले एक म्हातारे गृहस्थ बसायचे. ते उन्हाळ्यात वारले होते. इमामसाहेबांनी शुक्रवारी विचारलं, कुणी हात वर केला नाही. सगळ्यांची दुकानं, सगळ्यांची ईदची गिऱ्हाइकं. चाचांकडेही कामाचा ढीग होता. त्यांना पाठवलं ते चाचींनी. "मुझसे रोजा तो होता नहीं," मी जिन्यात असताना मला ऐकू आलं, "आप बैठ जाइए, तो मैं समझूँगी घर से कुछ तो गया." चाचा चष्मा पुसत राहिले आणि दोन दिवसांनी सतरंजी, उशी आणि तांब्या घेऊन मशिदीत गेले.

डबा पोचवायचं काम मी मागून घेतलं. चाचांचा मशिदीतला कोपरा गल्लीकडच्या खिडकीला लागून होता. पांढऱ्या चादरीचा आडोसा केलेला, आणि खिडकीला लोखंडी गज. मी बाहेरून डबा द्यायचो, रिकामा घ्यायचो. चाचा विचारायचे, "चाची ने दवा ली?" मी म्हणायचो, "ली." ते विचारायचे, "घर में सब ठीक?" मी म्हणायचो, "सब ठीक." मग ते मला एखादा खजूर द्यायचे आणि मी तो खात घरी यायचो.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी डबा न्यायला खाली गेलो, तर चाचींनी हरभऱ्याच्या घुगनीचा चमचा माझ्यापुढे धरला. "मकरन बेटा, जरा नमक देखना." माझ्या नावातला द त्यांनी कधीच उच्चारला नाही. मी चाखलं, ठीक आहे म्हणालो. मग माझ्या लक्षात आलं. दरवर्षी मीठ त्या स्वतःच चाखत. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "छोटे-छोटे रोजे हैं, सर्दी के," त्या म्हणाल्या, "पता भी नहीं चलता. चाचा को मत बोलना, वो उठ के आ जाएँगे. उनका एतिकाफ टूट जाएगा."

"और दवा?"

"दवा तो लेती हूँ न. सहरी में ले लेती हूँ. तू झूठ थोड़े ही बोलेगा."

सहरी म्हणजे पहाटेचं, रोजा सुरू व्हायच्या आधीचं खाणं. मी तेव्हा शहाण्यासारखी मान डोलावली. गोळी साखर खाली आणते, आणि गोळी घेऊन दिवसभर काही न खाणं म्हणजे काय, हे अकरावी सायन्सच्या मुलाला कळायला हवं होतं. रोज संध्याकाळी चाचा विचारायचे, "दवा ली?" आणि मी सांगायचो, "ली." ते खरं होतं, म्हणूनच मला ते इतकं सहज बोलता आलं.

मी आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"मग? डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?"

"तू तिचा चेहरा पाहिलास का? किती वर्षं तिला वाटतंय, की ती पंगतीबाहेर आहे." मग पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. ते म्हणतील मध्ये पडू नका. नाहीतरी आपण पडतच नाही आहोत."

त्यानंतरचे दिवस मला एकेक करून आठवतात. सकाळी उठल्यावर मी आधी कान खालच्या मजल्याकडे लावायचो. चाचींचं खोकणं, हंडीवरचं झाकण, पाटा सरकल्याचा आवाज. आवाज आले की बरं वाटायचं. दुपारी कॉलेजातून आलो की काहीतरी निमित्त काढून खाली डोकवायचो. त्या थकलेल्या असायच्या, कधी खाटेवर टेकलेल्या, पण मला पाहिलं की उठून मीठ चाखायला लावायच्या. शबनम आपा त्या रविवारी ईदच्या गडबडीत आली नव्हती. एकदा त्यांच्या हातातून पळी पडली. "बूढ़ी हो गई," त्या म्हणाल्या. एकदा मी खिडकीशी चाचांना सांगायचं ठरवून गेलो, वाक्य जुळवून गेलो. चाचांची दाढी वाढली होती, चेहरा निवळला होता. ते म्हणाले, "बेटा, चाची से बोलना, उन्होंने भेजा तो अच्छा किया." मी वाक्य तसंच परत आणलं.

एकोणतिसावा रोजा होता. त्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, आणि चाचा रात्रीच्या जेवणाला घरी. नाहीतर आणखी एक दिवस. गल्लीत सकाळपासून हाच विषय. गच्च्यांवर पोरं चढून बसली होती. मी खाली गेलो तेव्हा आई आधीच तिथे होती. चाची खाटेच्या कडेवर बसल्या होत्या आणि डिसेंबरच्या थंडीत त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. हात थरथरत होते. माझ्याकडे पाहून त्या रागाने म्हणाल्या, "शबनम, तू फिर बिना बताए आ गई?" मी आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनी मला गप्प केलं.

आईच्या हातात पितळी पेला होता. त्यात पाणी, तिने साखर घालून ढवळलेलं. तिने तो चाचींच्या तोंडाजवळ नेला. चाचींनी मनगटाने तो बाजूला सारला, थोडं पाणी आईच्या साडीवर सांडलं. "अजान," त्या म्हणाल्या. "अजान हो जाए." आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

गल्लीच्या टोकाला बंगाल्यांची दोन घरं होती. त्यांचा सांजेचा शंख वाजला. शंखानंतर थोड्याच वेळात अजान व्हायची, हे आमच्या घरालाही पाठ होतं.

"आई, पाज ना," मी म्हणालो.

"ती नको म्हणते आहे रे."

"पण बघ ना तिच्याकडे!"

"झालंच आता. शंख झाला ना." आईने सांडलेलं पाणी पदराने टिपलं. "इतके दिवस ओढलेत तिने. शेवटच्या घटकेला मी तिचा रोजा मोडू? माझ्या हाताने? आपल्याला काय कळतं त्यातलं?" पेला तिने छातीशी धरला होता. मग एकदम म्हणाली, "जा, चाचांना विचारून ये, पाणी दिलं तर चालेल का. पळ. पण त्यांना घाबरवू नकोस."

मी वळलो तर चाचींनी माझं मनगट धरलं. त्या बोटांत ताकद कुठून आली कोण जाणे. "उनको नहीं बोलना," त्या म्हणाल्या. "उठ जाएँगे."

मी डबा उचलला आणि पळालो. शेजारच्या दाराची कडी वाजवायचं माझ्या मनात आलं नाही. आईच्याही नाही. शेजारची कुठलीही बाई धावत आली असती आणि तिने एका क्षणात तो पेला चाचींच्या घशात ओतला असता. हे आता लिहिताना इतकं उघड दिसतं, की कागदावरून नजर उचलावीशी वाटते. पण आम्ही चाचींचं गुपित राखत होतो. आणि मान राखत होतो.

मशिदीत माणसं ताटांपुढे रांगेने बसली होती. चाचांनी चादर बाजूला केली. खुशीत होते. "आ गया? आज चाँद हो गया तो समझो हमारी छुट्टी. चाची ने दवा ली?"

"ली."

"घर में सब ठीक?"

दहा दिवसांची सवय. "सब ठीक," मी म्हणालो. मग गज धरून म्हणालो, "चाचा, एक बात पूछनी थी. कॉलेज में एक लड़का पूछ रहा था. किसी का रोजा हो और तबीयत बिगड़ जाए, तो पानी पी सकता है?"

चाचांनी चष्मा काढला. तो त्यांनी कुर्त्याच्या टोकाने पुसायला घेतला, एक काच, मग दुसरी. मी त्यांची बोटं बघत होतो. त्यांनी चष्मा घातला, मांडी नीट केली. एका हिंदू मुलाने असा प्रश्न विचारावा याचं त्यांना अप्रूप वाटलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"देखो बेटा," ते म्हणाले, "इसमें दो बातें हैं."

आधी त्यांनी मला सांगितलं, की आजार जुना असेल तर माणसाने रोजा धरूच नये, त्याऐवजी गरिबाला जेवू घालावं. मग प्रवाशाचं सांगितलं. मग आपल्या वडिलांचं, ते हावड्याच्या कारखान्यात भट्टीपुढे उभे राहून रोजे कसे करत त्याचं. मी गज धरून उभा होतो. मला ओरडायचं होतं. मनगटावर चाचींची बोटं अजून जाणवत होती. मी एकदा म्हणालो, "लेकिन चाचा, अगर एकदम..." आणि ते म्हणाले, "वही तो बता रहा हूँ, सबर कर." शेवटी ते तिथे आले. "और अगर जान पर बन आए, तो उसी वक्त खोल देना चाहिए. फौरन. उसमें रुकना गुनाह है. रोजे का क्या है, बाद में रख लो."

मी पळत सुटलो. मागून त्यांचा हसरा आवाज आला, "अरे, टिफिन तो देता जा!" डबा माझ्या हातातच होता. मी पानवाल्याच्या टपरीपर्यंत पोचलो आणि अजान सुरू झाली.

खोलीत आई चाचींचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने पेला ओठांना लावला होता. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर उतरत होतं, तिथून उशीत. आई म्हणत होती, "झाली अजान, भाभी, झाली. पी लो. अब पी लो." मराठी, हिंदी, सगळं एकत्र. मग मात्र मी ओरडलो. रोजा सोडायला बसलेली गल्ली हातातले घास टाकून आली. कुणी टॅक्सी आणली, कुणी चाचींना उचललं. टॅक्सी मोठ्या रस्त्याला लागताना मागे फटाके वाजले. चंद्र दिसला होता.

नूर चाचा बगलेत गुंडाळलेली सतरंजी आणि हातात तांब्या घेऊन, वाटेत भेटेल त्याला मुबारक म्हणत घरी आले, तेव्हा दाराला कुलूप होतं. वाटेत कुणाला त्यांना सांगायचा धीर झाला नव्हता. बाबा नुकतेच बँकेतून परतले होते, त्यांना गल्लीतल्यांनी सांगितलं होतं, आणि ते पायरीवर उभे होते. कुणाच्याही मध्ये न पडणाऱ्या माझ्या बाबांना त्या संध्याकाळी ते सांगावं लागलं.

चाची वाचल्या. हे मी आधीच सांगायला हवं होतं कदाचित, पण तेव्हा आम्हालाही ते फार उशिरा कळलं. शिरेतून साखर गेली, दोन दिवसांनी त्यांनी डोळे उघडले. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या चालायला लागल्या, हळूहळू बोलायलाही लागल्या, पण सगळ्या परत आल्या नाहीत. माझं नाव गेलं. घुगनी कशी करायची ते गेलं. शबनम आपा ईदच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या आईच्या शेजारी बसली होती. नव्या कपड्यांत नव्हती. तिने आवाज चढवला नाही. "आंटी, गिलास आपके हाथ में था?"

"हाँ."

"तो दिया क्यों नहीं?"

"मुझे लगा, उनका टूट जाएगा."

"टूटता तो क्या होता, आंटी?" शबनम आपा म्हणाली. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. त्यानंतरच्या भाद्रपदात आईने हरतालिकेला सकाळीच उभ्याने पाणी प्यायलं आणि भांडं खळखळून विसळून पालथं घातलं.

मी चाचांना टाळत होतो. जिना चपला हातात घेऊन उतरायचो. एक दिवस त्यांनी दुकानातून हाक मारली. पुढ्यात एक उसवलेलं पुस्तक होतं, सुई दोऱ्यातच अडकवून ठेवलेली. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "चाचा, मैंने आपसे झूठ बोला. रोज बोला."

"तूने पूछा तो था मुझसे," ते म्हणाले. "गज पकड़ के खड़ा था, पसीने में. कॉलेज का लड़का." ते हसल्यासारखं काही करायला गेले. "और मैं बयान करने बैठ गया." मग त्यांनी सुई उचलली आणि शिवायला घेतलं. मी त्यांच्याकडून माफीची अपेक्षा करत होतो की माराची, मला सांगता येत नाही. दोन्हीपैकी काही मिळालं नाही. "दो बातें हैं" हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाहीत. गिऱ्हाइकाने काही विचारलं की ते हो किंवा नाही म्हणायचे.

आज पुण्यात माझ्या घरी पूजा असली की माझ्यावर चिडण्याची पाळी बायकोवर येते. नैवेद्य दाखवायचा असतो, भटजी आत संथपणे मंत्र म्हणत असतात, आणि मी बाहेर कुणाच्या तरी भुकेलेल्या पोराला, कुणाच्या तरी गोळ्या घेणाऱ्या आईला ताट वाढून मोकळा झालेला असतो. "देवाला तरी आधी दाखवू द्यायचं होतं," ती म्हणते. मी तिला हे सगळं कधीच सांगितलेलं नाही. आता ती हे वाचेल.

पुढच्या रमजानपर्यंत आम्ही तिथेच होतो. बाबांच्या बदलीचा हुकूम आला होता, सामान बांधायला घ्यायचं होतं. एतिकाफला त्या वर्षी दुसरं कुणीतरी बसलं. चाचा रोजा धरून दुकानात काम करत होते. चाचींना महिना कुठला ते कळत नव्हतं. पण त्यांच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. मधूनच त्या आतल्या खोलीतून उठायच्या, माठातून पाणी काढायच्या, पेला दोन्ही हातांनी धरून दुकानात यायच्या आणि चाचांपुढे करायच्या. "पी लीजिए." भर दुपारी, रोज्यात. चाचा पेला घ्यायचे. "हाँ, पीता हूँ," म्हणायचे आणि तो शेजारच्या फळीवर ठेवायचे. चाची समाधानाने आत जायच्या. तासाभराने पुन्हा यायच्या, नवा पेला घेऊन.

निघायच्या आदल्या दिवशी सांजेला मी निरोप घ्यायला खाली गेलो. फळीवर पेल्यांची रांग होती. स्टीलचे, काचेचे, एक जर्मनचा, आणि शेवटी तो पितळी, आईचा, जो त्या दिवसानंतर वर परत आलाच नव्हता. चाचांनी मला स्टूल दिलं. शंख वाजला. तेवढ्यात चाची आतून आल्या, माझ्यापुढे थांबल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं. नाव सापडतंय का, असं मला वाटलं. मग त्यांनी हातातला पेला माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला. गार पाणी होतं, पेल्याला बाहेरून दव धरलेलं. मी तो मांडीवर धरून बसलो. मला रोजा नव्हता. तरी मी अजानीची वाट बघत होतो, आपोआप, त्या घरात वाढलेल्या सवयीने. चाची समोर उभ्याच होत्या, माझ्या हाताकडे बघत.

"तू किसलिए रुका है?" चाचा म्हणाले. त्यांचा आवाज इतका कडक मी कधी ऐकला नव्हता. "तेरा कौन सा रोजा है? पी."

मी प्यायलो. एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत. चाचींनी रिकामा पेला माझ्या हातातून घेतला, आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. अजान झाली. चाचांनी फळीवरचा पहिला पेला उचलून रोजा सोडला. मग दुसरा उचलला, मग तिसरा. चाची बघत होत्या, म्हणून ते एकेक करून सगळे प्यायले. पितळी शेवटी.